वाकळ कुणाच्या नावावर?

मंडळी, पोस्ट लांब आहे. सवडीने वाचा.

केंद्र सरकारची पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. हाताने आणि अवजाराने काम करणाऱ्या, पिढीजात धंदा असलेल्या कारागिरांसाठी. यादीत १८ व्यवसाय आहेत. सुतार, लोहार, सोनार, कुंभार, चांभार, गवंडी, न्हावी, परीट, शिंपी, मूर्तिकार, कुलपं करणारे, हातोडे आणि अवजारं करणारे, हार करणारे, टोपल्या-चटया-झाडू करणारे, खेळणी करणारे, मासे धरायची जाळी विणणारे, होड्या बांधणारे आणि चिलखत-हत्यारं करणारेसुद्धा. आता कुपवाडात होडी बांधणारा शोधायचा तर दिवा घेऊन फिरावं लागेल, आणि चिलखताची ऑर्डर शेवटची कुणी दिली असेल देव जाणे. पण यादी देशभराची आहे, समजू शकतो.

एका सेवा केंद्रात माझ्या कामासाठी बसलो होतो. पन्नाशीच्या एक मावशी आल्या. फॉर्म भरणाऱ्या पोराने विचारलं, व्यवसाय कोणता? त्या म्हणाल्या, वाकळा शिवते. त्याने यादी वरून खाली पाहिली, परत खालून वर पाहिली. मग म्हणाला, टेलर टाकू का? मशीन आहे ना? मावशींनी मान हलवली. मशीन नाही, सुई आहे. नंतर कळलं की मावशींचे मालक गवंडी म्हणून आधीच नोंदलेले. योजनेत एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो, म्हणजे नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं मिळून एक. विषय तिथंच संपला. त्या पिशवी उचलून गेल्या. पोराचीही काही चूक नव्हती, यादीत जे नाही ते तो कुठून आणणार?

तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यात आहे. वाकळ, म्हणजे पुस्तकी भाषेत गोधडी, आपल्या भागात जवळजवळ प्रत्येक घरात होती. तरी ती शिवणं हा 'व्यवसाय' कधी झाला नाही. असं का झालं, ते जरा मागे जाऊन बघू.

गावगाड्यात बारा बलुतेदार होते हे आपण शाळेत शिकलो. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, परीट, न्हावी, गुरव, जोशी वगैरे. वर्षभर गावाचं काम करायचं आणि सुगीला खळ्यावर धान्य घ्यायचं. हक्क, मान, वाटा, सगळं नोंदलेलं. आणि हा हक्क चालायचा बापाकडून लेकाकडे. कुंभाराची बायको माती तुडवायची, मडकी रंगवायची, बाजारात विकायची, पण वतन चाकाला होतं आणि चाक पुरुषाच्या हातात. आपल्याकडच्या घोंगडीचंही तेच. माण, आटपाडी, जत या भागात लोकर साफ करायची, पिंजायची आणि सूत काढायचं काम बहुतेक बायकांचं. माग पुरुषाचा. चिंचोक्याची खळ लावून घोंगडी कडक झाली की ती विणकराची म्हणून ओळखली जाते. कोल्हापुरी चपलेची वेणी घालणारे हात बघा एकदा, बहुतेक बायकांचेच दिसतील.

उलट बाजूला आपल्याच महापालिकेच्या हद्दीतली मिरजेची सतार घ्या. शिकलगार म्हणजे मूळचे हत्यारांना धार लावणारे, पॉलिश करणारे. एकोणिसाव्या शतकात संस्थानी फौजा गेल्या, तलवारींचं काम आटलं, तेव्हा फरीदसाहेब शिकलगारांनी तंतुवाद्यांकडे हात वळवला. तेव्हापासूनची वंशावळ सांगता येते. दुकानांच्या पाट्यांवर ती लिहिलेली असते. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, आपण सगळ्यांनी ती बातमी अभिमानाने फिरवली, मीही फिरवली. ते योग्यच झालं. पण लक्षात घ्या, त्या कलेला नाव होतं, आडनाव होतं, दुकान होतं, गिऱ्हाईक होतं. आईकडून लेकीकडे जाणाऱ्या कलेला यातलं काहीच नसतं. लेक लग्न होऊन जाते, आडनाव बदलतं, गाव बदलतं. कला तिच्याबरोबर जाते आणि वंशावळ तिथंच तुटते. चार पिढ्यांत चार आडनावं. पाटी लावायची कुणाची?

आता वाकळ शिकवतात कशी, ते सांगतो, कारण हे शिकवणं आहे हेच आपण कधी मान्य केलेलं नाही.

पहिलं काम सुईत दोरा ओवायचं. आईची नजर अधू होत आलेली असते, पोराचे डोळे तीक्ष्ण. पाच-सहा वर्षांचं पोर, मुलगा असो की मुलगी, या कामाला बसवलं जातं. दहा-बारा सुया ओवून रांगेत खोचून ठेवायच्या, म्हणजे हात थांबत नाही. मी हे काम भरपूर केलंय. दोरा किती लांब घ्यायचा याचं माप म्हणजे हात लांब करून खांद्यापर्यंत. त्याहून लांब घेतला तर गुंता होतो आणि आळशी बाईचा दोरा म्हणून बोलणी बसतात.

दुसरं काम वजनाचं. अंगणात किंवा देवळाच्या मंडपात कापड अंथरायचं, चारी कोपऱ्यांवर वरवंटा, दगड, पाण्याची कळशी ठेवायची आणि मधे पोराला बसवायचं. सरकू नको, एवढीच सूचना. तिथं बसून पोर बघतं की आधी खालचं कापड ताणलं, मग आतले थर आले, उसवलेले सदरे, पँटीचे पाय, बाह्या. शिवण आणि गुंड्या आधीच काढलेल्या, कारण शिवणीची गाठ रात्री पाठीला टोचते. कुठं पातळ, कुठं जाड आहे ते आई तळहात फिरवून बघते. डोळ्यांनी ते दिसत नाही. मग वरचं कापड, आणि मग लांब कच्चे टाके. ते झाले की थर हलत नाहीत.

खरे टाके काठापासून सुरू होतात. चारी बाजूंनी फिरत, चौकोनात चौकोन करत आत जायचं. पोरीला आधी काठाचं काम मिळतं, कारण काठ सरळ असतो आणि कडेला आई शेजारी बसलेली असते. मधला भाग शेवटी. तिथं कापड फुगलेलं असतं, ते जिरवत न्यावं लागतं, नाहीतर मधोमध फुगा येतो. फुगा आलेली वाकळ शिवणारी बाई गावभर लक्षात राहते. टाका केवढा, ओळीत अंतर किती, हे कुणी बोलून सांगत नाही. चुकलं की आई न बोलता उसवते. दोन-तीनदा उसवलं गेलं की हाताला कळतं.

मुलगे साधारण दुसऱ्या कामापर्यंत येतात आणि खेळायला पळतात. मुली पुढं जातात. हाच तो फरक. माझ्या मते हे पूर्ण प्रशिक्षण आहे, पहिल्या यत्तेपासून शेवटच्या यत्तेपर्यंतचं. फक्त त्याला कुणी प्रमाणपत्र दिलं नाही.

कापडाची गोष्ट वेगळीच आहे आणि मला ती सगळ्यात जास्त आवडते. एखादी जुनी वाकळ फाटून आतलं दिसायला लागली की नीट बघा. आपल्या भागाचा इतिहास थराथराने सापडतो.

जुन्या वाकळेचा आधार म्हणजे नऊवारी लुगडं. नऊवार म्हणजे सव्वाआठ मीटर. त्याच्या चार घड्या घातल्या की माणसाच्या उंचीचं चार पदरी पांघरूण तयार. दोन लुगडी शेजारी जोडली की नवरा-बायको आणि मधे एक पोर. हे गणित लुगड्यातच होतं. लुगडं मधे विरलं की बाई ते मधून कापून दोन्ही टोकं जोडायची, त्याला दंड घालणं म्हणतात, आणि आणखी एक-दोन वर्षं नेसायची. त्यानंतर ते वाकळेत. म्हणजे वाकळेत आलेलं कापड दोनदा निवृत्त झालेलं. इरकल असेल तर त्याचा पदर वर दिसेल असा ठेवायचा, कारण तो टिकलेला असतो आणि दिसायलाही चांगला.

इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला. इकडे सांगलीत दादासाहेब वेलणकरांची गजानन मिल उभी राहिली. मागावरचं सुती कापड जसं स्वस्त होत गेलं तसं घरात कापड वाढलं. कापड वाढलं म्हणून वाकळा वाढल्या. त्याआधी गरिबाच्या घरी जुनं कापड उरणार कुठून, सगळं अंगावरच संपायचं. माझा तर्क असा की आपल्याला आठवते ती भरगच्च, पाच-सहा थरांची वाकळ गिरणीनंतरचीच असणार. हातमागाच्या काळातली पातळ असेल.

मग आला नायलॉन आणि टेरीकॉटचा काळ. सुती लुगड्याची जागा गोल साडीने घेतली. साडी साधारण साडेपाच-सहा वार, म्हणजे पाच-साडेपाच मीटर. चार घड्या बसत नाहीत, अडीच-पावणेतीन बसतात. गणित बिघडलं. शिवाय हे कापड घसरतं, टाका धरत नाही, घाम पीत नाही आणि चुलीची ठिणगी पडली की भोक पडून कडा कडक होते. बायकांनी यावर तोड काढली. घसरणारं कापड मधे कोंडायचं आणि वर-खाली सुती ठेवायचं. सुती साडी मिळेना तेव्हा धोतर, ते मिळेना तेव्हा चादरीचा तुकडा. कुठल्या कापड संशोधन केंद्राने हे सांगितलेलं नाही. १९७२ च्या दुष्काळात जत-आटपाडीकडून माणसं कामाच्या शोधात बाहेर पडली तेव्हा डोक्यावरच्या बोजक्यात भांडी आणि वाकळा एवढंच होतं. ऊसतोडीला जाणाऱ्या ट्रॅक्टरवर आजही बघा, सगळ्यात वर काय बांधलेलं असतं.

आणि कुपवाडच्या वाकळेत आणखी एक थर आहे, तो दुसरीकडे कमी सापडेल. एमआयडीसीतल्या कामगारांचे युनिफॉर्म. निळे, राखाडी, खाकी. तेलाचे डाग धुऊन जात नाहीत म्हणून ते कापड नेहमी आतल्या थरात. ज्या कारखान्याचं शटर कायमचं खाली आलं त्याचा युनिफॉर्म अजून कुणाच्या तरी पाठीखाली आहे.

पण इथंच अडचण आहे. वाकळ जुनी होत नाही, संपते. फाटली की ती नव्या वाकळेच्या पोटात जाते. ती फाटली की जनावराखाली, मग दाराशी पायपुसणं, मग पोतेरं, मग चुलीत किंवा उकिरड्यावर. शंभर वर्षांपूर्वीची सतार दाखवता येते. शंभर वर्षांपूर्वीची वाकळ दाखवा म्हटलं तर कुठून आणणार? स्वतःचा पुरावा स्वतःच खाणारी वस्तू आहे ही. उरतो तो फक्त हात, आणि तो माणसाबरोबर जातो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर ओसरल्यावर सांगलीच्या गल्ल्यांतून काय निघालं ते ज्यांनी पाहिलं त्यांना आठवत असेल. रस्त्याच्या कडेला ढीग. गाद्या, फर्निचर, पुस्तकं आणि भिजून चिखलाने दगडासारख्या जड झालेल्या वाकळा. महापालिकेच्या गाड्या उचलून नेत होत्या. रोगराईची भीती होती, दुसरा उपाय नव्हता. पंचनाम्यात टीव्ही, फ्रिज, धान्य लिहिलं गेलं. आजीच्या वाकळेची किंमत लिहायला रकाना नव्हता, आणि खरं सांगायचं तर कुणी ती मागितलीही नाही.

शेजारी काय झालंय ते बघा. आपल्यापासून फार लांब नाही, कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडकडे सिद्दी समाज आहे. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या आणि गोव्याकडून निसटून जंगलात वस्ती केलेल्या माणसांचे वंशज. त्यांच्या बायका कवंदी शिवतात. आपल्यासारखीच, जुन्या कपड्यांची, काठाकडून आत शिवत जायची. चारी कोपऱ्यांना कापडाची छोटी तिकोनी घडी लावतात, तिला फूल म्हणतात. फुलाशिवाय कवंदी पुरी झाली असं मानत नाहीत. त्यांच्या कवंद्या आता परदेशातल्या प्रदर्शनांत गेल्यात. जतकडची कन्नड बोलणारी मंडळी वाकळेला कौदी म्हणतात, तोही याच घराण्यातला शब्द. बंगालात हीच गोष्ट कांथा झाली, बिहारात सुजनी. त्या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे.

आणि अमेरिकेतलं उदाहरण तर आपण पाठ करून ठेवावं असं आहे. अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर गीज बेंड नावाचं छोटं गाव. कापसाच्या मळ्यावरच्या गुलामांच्या पुढच्या पिढ्या तिथं राहतात. घरं गळकी, थंडी कडक, म्हणून बायका शेतात घालायच्या फाटक्या विजारी, पोती, जुने कपडे जोडून गोधड्या शिवायच्या. आई लेकीला शिकवायची. १९६६ मध्ये त्या परिसरातल्या बायकांनी सहकारी संस्था काढली. २००२ मध्ये त्यांच्या गोधड्या ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या मोठ्या संग्रहालयात लागल्या, २००६ मध्ये अमेरिकन टपाल खात्याने त्यांच्यावर दहा तिकिटं काढली. पुढचा भाग जास्त महत्त्वाचा. नक्षी चटयांवर, कपांवर छापून विकली जाऊ लागली आणि पैसा आपल्यापर्यंत नीट पोचत नाही म्हणून २००७ मध्ये काही बायका कोर्टात गेल्या. पुढच्या वर्षी तडजोड झाली. त्या कोर्टात जाऊ शकल्या, कारण कुठली गोधडी कुणी आणि साधारण कधी शिवली हे नावानिशी नोंदलं गेलं होतं. नाव होतं म्हणून हक्क सांगता आला.

आपल्याकडे वाकळ मागे पडायला सोलापुरी चादर आणि फोमची गादी कारण झाली असं म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. माझ्या मते मोठं कारण बोहारीण. जुने कपडे द्या, स्टीलचं भांडं घ्या. पातेल्याच्या मोहाने घरातलं कापड दाराबाहेर गेलं आणि वाकळेचा कच्चा मालच संपला. बायकांचं यात चुकलं असं नाही. ज्या घरात पितळेची कल्हई परवडत नव्हती तिथं स्टीलचा डबा ही चैन होती. तिकडे पानिपतात जगभरातले जुने कपडे यंत्रात फाडून त्यांचं सूत काढतात आणि ब्लँकेटं करतात. म्हणजे जुन्या कापडाचं पांघरूण आपण अजूनही घेतो, फक्त आता विकत घेतो.

आणि गंमत अशी की आता वाकळ परत आली आहे. शहरात, ऑनलाइन, 'हँडमेड' म्हणून, काही हजार रुपयांत. 'आजीच्या मायेची ऊब' असं लिहून. शिवणाऱ्या बाईला मजुरी नगावर मिळते, टाक्यावर नाही. कापड आणि दर देणारा ठरवतो. दोन बायकांचे आठ-दहा दिवस जातात, मान धरते, बोटं सोलतात. मायेची ऊब म्हटलं की मजुरी विचारायला संकोच वाटतो, हा त्या शब्दाचा फायदा विकणाऱ्याला बरोबर कळलेला आहे. विश्वकर्मा योजनेत नोंद झाली तर ओळखपत्र मिळतं, प्रशिक्षणाला दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५ हजार, आणि ५ टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात १ लाखापर्यंत कर्ज. कापड स्वतः विकत घेऊन स्वतः विकायला एवढं भांडवल पुष्कळ झालं. म्हणून यादीत नाव असणं हा नुसता मानाचा प्रश्न नाही.

आता जनगणना २०२७ येतेय. घरकाम करणारी बाई आपल्या जनगणनेत 'काम न करणारी' या गटात मोजली जाते. पण विकण्यासाठी किंवा मजुरीने वाकळ शिवणं हे घरकाम नाही, ते काम आहे. गणना करणारा दारात येईल तेव्हा बहुतेक घरांत उत्तर पुरुष देतो. त्यावेळी घरातली बाई वाकळा शिवून पैसे मिळवत असेल तर तसं सांगा. तिलाच बोलू दिलं तर आणखी बरं.

मानांकनाचंही बघायला हवं. १९९९ च्या कायद्याप्रमाणे उत्पादकांची संस्था चेन्नईच्या कार्यालयात अर्ज करू शकते. बचत गटांचा संघही पुढं येऊ शकतो. अर्जात वस्तूचं वर्णन, करायची पद्धत आणि उगमाचा पुरावा लागतो. पद्धत सांगणाऱ्या बायका आपल्याकडे आजही आहेत. पुरावा मात्र आपल्यालाच गोळा करावा लागेल, कारण वाकळ तो ठेवत नाही.

घट बसायच्या आधी आपल्याकडे घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवायला निघतं. पूर्वी ओढ्यावर, नदीवर जायचं, काटेरी कुंपणावर वाकळा वाळत पडायच्या आणि कुणाच्या घरी किती, कशा शिवलेल्या, हे सगळ्या गावाला दिसायचं. आता गच्चीवर वाळतात. यंदा वाळत घातल्यावर प्रत्येकीचा एक फोटो काढा, उसवलेल्या जागेतून आतले थर दिसत असतील तर त्यांचाही. आणि चार गोष्टी लिहा. कुणी शिवली, साधारण कुठल्या साली, शिवायला कुणाकडून शिकली, आत काय काय आहे. मला पाठवा, मी एका वहीत उतरवतो आणि संगणकातही ठेवतो. महिला बचत गटांच्या ताईंशी बोलणं सुरू आहे.

वहीतली पहिली नोंद आमच्या घरातली आहे. शिवणारी: आई. साल: १९९८, सांगली-मिरज-कुपवाड महापालिका झाली त्या वर्षीचा उन्हाळा. शिकली: तिच्या आईकडून, जत तालुक्यात. वरून हिरवं सुती लुगडं, खालून धोतर. आत दोन टेरीकॉट पँटी, शाळेचा पांढरा सदरा, वडिलांचा कारखान्यातला निळा शर्ट. त्याच्याही आत एक विरलेली जुनी वाकळ, ती कुणी शिवली ते आईने लगेच सांगितलं: तिच्या आईने.